दुसरा बल्ब लावल्यावर सेलला कसं कळतं, बाई?

बाई, शनिवारचं काय करू ते आधी सांगा. बाकीचं मग बोलू.

तुम्हाला जाऊन पुरते दोन आठवडे झाले नाहीत आणि मी तुमच्याशी भांडायला बसलोय, हे बरं दिसत नाही एवढं मलाही कळतं. शेडमध्ये शोभाताई म्हणाल्या, गेलेल्या माणसाबद्दल चांगलं लिहावं. लिहीन. चांगलं पुष्कळ आहे. पण चांगलं लिहायला स्वस्थ बसावं लागतं आणि मला बसवत नाही. एक पट्टी हातात घेतो, वायरीला सोल्डरचा अर्धा डाग देतो, ठेवून देतो. पंखा लावतो, बंद करतो. शोभाताई काल वैतागून म्हणाल्या, "गजभिये, एक तर बसा नायतर उभे ऱ्हावा. माझं डोकं फिरतंय."

धायरीतली आपली पत्र्याची शेड तुम्ही सोडून गेलात तशीच आहे. शाळांना जायच्या विजेच्या प्रयोगांच्या पेट्या एका भिंतीला, रिकाम्या लाकडी पट्ट्या दुसऱ्या भिंतीला. एका पट्टीवर दोन सेल, दोन बल्ब, एक बटण आणि चिमट्यांच्या वायरी. मुलांनी जोडायचं, सोडायचं, परत जोडायचं. शाळेतून रिटायर झाल्यावर लोक सहलींना जातात, तुम्ही कोथरूडहून दोन बस बदलून इथे यायचात आणि आल्या आल्या विचारायचात, "आज काय पेटत नाहीये?" आता तसं कोणी विचारत नाही. आज सगळं पेटतंय, आणि त्याचा मला राग येतोय.

तर शनिवार. कोथरूडच्या एका शाळेत विज्ञानाच्या शिक्षकांचं प्रशिक्षण आहे, ते दरवेळी तुम्ही घ्यायचात. तिथल्या मॅडमचा फोन आला. फार वाईट झालं म्हणाल्या. आम्ही पुढेच ढकलणार होतो, पण बाईंनी या खेपेला महिन्याभरापूर्वीच तुमचं नाव दिलंय, तर कार्यक्रमपत्रिकेवर कसं लिहू, गजभिये सर? सर म्हणाल्या. मी मागे वळून पाहिलं, दारात दुसरं कोणी आलंय का. मग त्यांनी विचारलं, नावापुढे काय लिहायचं. म्हणजे पदवी. मी म्हटलं, कळवतो. अजून कळवलेलं नाही.

नावापुढे काय लिहायचं असतं बाई? नववी अर्धी?

तुम्ही मला कधी शिक्षण विचारलं नाहीत, त्याचं हे असं झालं. भोसरीकडची आमची कंपनी बंद पडली होती आणि मी कोणाच्या तरी सांगण्यावरून तुमच्याकडे आलो होतो. वाटेत बसमध्ये उत्तर पाठ करत होतो. 'नववीपर्यंत' म्हणायचं. म्हणजे नववीच्या वर्गात बसलो होतो, दिवाळीपर्यंत. मग बाबांची पाठ गेली आणि मी मळणीच्या मशीनवर गेलो. पण तुम्ही विचारलंच नाही. टेबलावर एक सेल ठेवलात, एक टॉर्चचा बल्ब आणि वायरचा एक तुकडा. म्हणालात, "पेटवून दाखवा."

मला हसू आलं. वायरचं एक टोक सेलच्या टोपीला लावलं, दुसरं बल्बच्या बुडाला. काही नाही. बल्ब बदलून मागितला. तुम्ही दिलात. काही नाही. मग मी दुसरी वायर मागितली. "एकच आहे," तुम्ही म्हणालात आणि पेपर उघडलात. शोभाताई तोंडाला पदर लावून हसत होत्या. तुम्ही मला चहा दिलात, पण मदत दिली नाहीत. चहा निवला. किती वेळाने ते सुचलं आठवत नाही. बल्बचं बूड सरळ सेलच्या टोपीवर टेकवलं आणि वायर सेलच्या तळापासून बल्बच्या कडेच्या आट्यांना नेली. पेटला. एवढासा पिवळा उजेड. मी तो तसाच धरून बसलो, बोटं गरम व्हायला लागली तरी.

"वीज आत जायची वाट सगळेच करतात," तुम्ही पेपरातून मान वर न काढता म्हणालात. "बाहेर यायची विसरतात. उद्या दहाला या."

गावी आमच्या वस्तीत दरवर्षी बुद्धविहारात दहावी-बारावीच्या मुलांचा सत्कार होतो. पेढे, पुस्तक, हार. ज्या घरांत आजोबांना शाळेच्या दाराबाहेर बसवलं होतं, त्या घरांतली मुलं स्टेजवर चढतात. मी त्या मांडवाला दिव्यांच्या माळा लावून द्यायचो. बाबा पहिल्या रांगेत बसायचे, दुसऱ्यांच्या मुलांना टाळ्या वाजवायचे, आणि वर माळांकडे बघायचे नाहीत. मला कधी बोलले नाहीत. आमच्या घरात शाळा सोडणं हे नुसतं शाळा सोडणं नव्हतं, एवढं सांगतो. त्यामुळे तुम्ही "उद्या दहाला या" म्हणालात तेव्हा मला नोकरी मिळाली असं वाटलं नाही. वर्गात घेतलं असं वाटलं. हे तुम्हाला कधी सांगितलं नाही. तुम्ही म्हणाला असतात, "बरं, मग हजेरी लावा."

आणि वर्गात घेतल्यासारखा मी पहिल्या आठवड्यापासून वाद घालायला लागलो.

आमचं गाव भंडाऱ्याकडचं, धानाचं. कालव्याच्या तोंडाशी ज्याचं शेत तो पोटभर पाणी घेतो, शेवटच्याला ओला चिखल मिळतो. आमचं शेत शेवटचं. त्यामुळे एकापुढे एक दोन बल्ब जोडले की पहिला जास्त वीज पिणार आणि दुसऱ्याला उरलेली मिळणार, यात मला शंकाच नव्हती. तुम्ही म्हणायचात, तसं नसतं, पहिल्यातून विजेची जेवढी धारा जाते तेवढीच दुसऱ्यातून. मी पट्टी दाखवायला लागलो की दोन्ही बल्ब सारखे पेटलेले असायचे. मी म्हणायचो, फरक बारीक असेल, डोळ्यांना दिसत नसेल. तुम्ही म्हणायचात, "पुण्यात राहून माघार न घ्यायला लवकर शिकलात."

मग ते पाकिटांचं झालं. तपकीर गल्लीतल्या विजेच्या सामानाच्या दुकानातून तुम्ही बल्बची दोन पाकिटं आणली होतीत. आमची कामाची पद्धत अशी की शोभाताई डावीकडे बसून प्रत्येक पट्टीचा पहिला बल्ब बसवायच्या, मी उजवीकडे बसून दुसरा. एक पाकीट त्यांच्यापुढे, एक माझ्यापुढे. तुम्ही त्या दिवसांत ताप येऊन घरी होतात. पट्ट्या तयार झाल्या, तपासल्या, तर शोभाताईंचा बल्ब लख्ख आणि माझा काळा. एकही पट्टी वेगळी नाही. शोभाताई म्हणाल्या, "माझा पेटतोय की. तुमचाच हाय मरतुकडा." एकेकटा लावून पाहिला तर माझाही नीट पेटत होता, म्हणून आम्ही पेट्या पाठवून दिल्या. चारच दिवसांत मुळशीकडच्या एका शाळेतल्या सरांचा फोन. रागात नव्हते, खूश होते. म्हणाले, बाईंना सांगा, पेटीने सिद्धच करून दाखवलं, पहिला बल्ब सगळी वीज घेतो, मुलांना एका मिनिटात पटलं.

बाई, तुम्ही येईपर्यंत मी जिंकलेला माणूस होतो. मी गावी आईला फोन करून सांगितलं की आपला कालवा बरोबर होता.

तुम्ही आलात. तोंड अजून तापाने सुकलेलं. मी पट्टी पुढे केली. तुम्ही बटण दाबलंत, बघितलंत, परत दाबलंत. मग म्हणालात, "दोघांच्या जागा बदला." मी पहिला बल्ब काढून दुसऱ्या जागी लावला, दुसरा पहिल्या जागी. बटण दाबलं. आता पहिला काळा आणि दुसरा लख्ख.

"बोला," तुम्ही म्हणालात. "शेवटच्या शेतकऱ्याने रातोरात कालवा उलटा फिरवला का?"

शोभाताई इतक्या हसल्या की त्यांच्या हातातलं पाकीट सांडलं. आणि तिथेच ते कळलं, कारण सांडलेला एक बल्ब तुम्ही भिंगाखाली धरलात, मग माझ्या पाकिटातला धरलात. पितळी गळ्यावरचे बारीक आकडे वेगळे होते. एका पाकिटातल्या बल्बची तार बारीक, दुसऱ्यातली जाड. धारा दोघांतून तेवढीच जाते, पण बारीक तारेतून जाताना तिला जास्त झटावं लागतं, म्हणून ती तार तापते, उजळते. जाड तारेतून ती सहज निघून जाते, तार तापत नाही, आपल्याला वाटतं बल्ब उपाशी राहिला. तुम्ही हे मला दोन वाक्यांत सांगितलंत आणि लगेच फोन घेऊन बसलात. एकेका शाळेला स्वतः फोन केलात. म्हणालात, पाकिटं मी आणली, मी वाचली नाहीत, चूक माझी; बल्बांच्या जागा बदलून बघा आणि मुलांना काय दिसलं ते मला कळवा. आमच्यातल्या कोणाचं नाव घेतलं नाहीत. त्या दिवसानंतर प्रत्येक पेटीत एक वेगळ्या तारेचा बल्ब मुद्दाम टाकायचा असं ठरलं. शोभाताईंनी त्याचं नाव सवत ठेवलं. तुम्ही ऐकलंच नाही असं दाखवलंत, आणि महिन्याभराने एका पेटीचं झाकण लावताना मला विचारलंत, "सवत टाकली का हो?"

हरलो, पण गप्प बसलो नाही. दुसऱ्या दिवशी चहाला मी विचारलं, धारा जर कमी होत नाही, जेवढी निघते तेवढी परत सेलमध्ये येते, तर सेल संपतो कशाने?

तुम्ही कप ठेवलात. माझ्याकडे बघितलंत. ते बघणं मी अजून विसरलेलो नाही. शाळेत माझ्याकडे कोणी तसं बघितलं नव्हतं, किंवा बघितलं असेल तर मी थांबलो नव्हतो.

"तुम्ही सायकलवर येता," तुम्ही म्हणालात. "साखळी फिरते. शेडवर पोचेपर्यंत साखळी संपते का?"

"नाही."

"मग संपतं कोण?"

"मी."

"झालं तर."

मी म्हटलं, पण बाई, साखळी ढिली होते की. तुम्ही म्हणालात, "ती विजेने नाही, धायरीच्या रस्त्याने." पण घरी जाताना चढावर मी खाली साखळीकडे बघत होतो. पायांतून काहीतरी जातंय, चाकात काहीतरी पोचतंय, आणि साखळी आपली जशीच्या तशी. चाळिशी आली तरी असं काही समजलं की माणूस रस्त्यात एकटाच हसतो.

आता शेवटचं भांडण. ते अजून मिटलेलं नाही, म्हणून मला बसवत नाही.

मी दोन बल्ब एकापुढे एक न लावता शेजारी शेजारी लावले होते, प्रत्येकाला सेलपासून स्वतःची वाट. एक पेटलेला होता. दुसरा जोडला. पहिला मंद झाला नाही. म्हणजे सेल आता दुप्पट धारा देतोय. मी विचारलं, बाई, याला कळलं कसं? कोण सांगतं सेलला, की बाबा आता दुसरा आलाय, जास्त सोड? बल्ब ओढतो का? कारण आपण सगळे तसंच बोलतो, की अमुक एवढा करंट ओढतो, तमुक तेवढा. तुम्हाला तो शब्द आवडायचा नाही. पण त्या दिवशी तुम्ही शब्दाला नावं ठेवली नाहीत. चष्मा काढून पुसत राहिलात.

"पुस्तकात आहे ते सांगू शकते," तुम्ही म्हणालात. "तुम्हाला पटेल असं मला येत नाही. इतकी वर्षं शिकवलं, कोणी विचारलं नाही, म्हणून मीही शोधलं नाही."

आणि लगेच, त्याच दमात, शनिवारचं प्रशिक्षण तुम्ही घ्या म्हणालात. मी? नववी नापास माणूस शिक्षकांपुढे? तुम्ही म्हणालात, "नापास नाही. सोडलेली. फरक आहे." मला राग आला. मी म्हटलं, मला उगाच उभं करू नका, तुमचं कौतुक होईल, माझं हसं होईल. तुम्ही पिशवी उचललीत. मी बसस्टॉपपर्यंत पिशवी घेऊन आलो नाही असं कधी झालं नव्हतं, त्या दिवशीही आलो, पण दोन पावलं मागून. बस आली तेव्हा तुम्ही पायरीवर पाय ठेवून एवढंच म्हणालात, "विचार करा." मी म्हटलं, "बघू."

आणि आता कळतंय की मला विचारायच्या आधीच तुम्ही तिकडे माझं नाव देऊन ठेवलं होतंत. हे बरोबर आहे का बाई? 'विचार करा' कशाला म्हणालात मग?

काल आईचा फोन आला. तिला तुमचं सांगितलं होतं. ती म्हणाली, "आता तिथं तुले कोन हाये बाबू?" मी शनिवारचं सांगितलं. लोक हसतील म्हटलं. ती म्हणाली, "उभा तं राय. पडला तं जमिनीवरच पडशीन." तिला वाटलं मी शिडीवर चढून काही काम करणार आहे. मी ते दुरुस्त केलं नाही.

इथवर लिहून ठेवलं होतं. आज रविवार. परत बसलोय.

शुक्रवारी सकाळी खाली नळावर बादली लावली होती. आमच्या बिल्डिंगच्या गच्चीवर एक टाकी, खाली सगळ्यांचे नळ. माझी बादली भरत होती, शेजारच्यांनी त्यांचा नळ सोडला, माझी धार तशीच राहिली. दोन्ही नळ चालू. टाकीतून आता दुप्पट पाणी खाली येत होतं. आणि मी तिथेच म्हटलं, मोठ्याने, की टाकीला कुठे काय कळलं? टाकी नुसती उंचावर आहे. ती मोजून देत नाही. खाली जेवढ्या वाटा उघडतील तेवढं पाणी येतं. सेलला कोणी काही सांगत नाही. सेल नुसती उंची धरून ठेवतो. धारा किती, ते वाटा ठरवतात. शेजारच्या काकू म्हणाल्या, बादली वाहतेय तुमची.

मी चप्पल घातली. गेटपर्यंत गेलो. तुमच्या घरी यायला कोथरूडच्या बसच्या दिशेने वळलो होतो, बाई.

तिथून परत आलो आणि मॅडमना फोन केला की येतो, नावापुढे काही लिहू नका. हिंमत वगैरे काही नव्हती. उत्तर सापडलं होतं आणि सांगायला माणूस नव्हतं, म्हणून गेलो.

वर्ग भरलेला होता. एका सरांनी सुरुवातीलाच विचारलं, आपलं शिक्षण कुठे झालं? माझे कान तापले. मी म्हटलं, "जिल्हा परिषद शाळा, भंडाऱ्याकडे. नववी अर्धी." ते म्हणाले, "मीही जिल्हा परिषदेचाच," आणि समोरची पट्टी ओढून वायरी सोडवायला लागले. एवढंच. इतकी वर्षं मी ज्याला घाबरत होतो ते एवढंच होतं.

सवतीचा बल्ब दाखवला, जागा बदलून दाखवल्या. मग शेजारी शेजारी दोन बल्ब, आणि माझा प्रश्न. मग टाकी सांगितली. सगळ्यांनी माना हलवल्या. कोणी फळ्याचा फोटो काढला. कोणीतरी म्हणालं, छान, पटलं.

आणि मी थांबलो. खडू हातात धरून उभा. का, ते मलाच कळेना. पुढचं बोलायचं होतं आणि बोलवेना. मग लक्षात आलं, मी वाट बघत होतो. आपल्या शेडमध्ये माझं कुठलंही म्हणणं इतकं सरळ कधी पलीकडे गेलं नव्हतं. आता कोणीतरी चष्म्यावरून बघणार, एक वाक्य बोलणार, आणि माझी टाकी कोसळणार. कोणी बोललं नाही. बाई, तुम्हाला पोचवायला आलो तेव्हा मी रडलो नव्हतो, लाकडं उचलण्यात होतो. तुमच्या घरी फोटोला हार घातला तेव्हाही नाही. तिथे, सगळ्यांना माझं पटलेलं असताना, मला कळलं की तुम्ही नाही आहात.

फळ्याकडे तोंड केलं. नाक पुसलं. मग वळून मीच म्हटलं, "एवढ्यात पटू देऊ नका. नळाचं पाणी बादलीत जातं, टाकीत परत येत नाही. धारा तर सेलमध्ये परत येते. म्हणजे माझ्या टाकीत कुठेतरी भोक आहे. सांगा कुठे."

कुजबूज सुरू झाली. दोन सर आपापसांत बोलायला लागले. मग मागच्या बाकावरच्या एक मॅडम उठल्या, तरुण होत्या, आधीपासून कपाळाला आठ्या घालून बसल्या होत्या. म्हणाल्या, "सेल ही टाकी नाहीच. सेल ही खालची मोटार आहे. बादलीतलं पाणी परत वर चढवते. आणि दमते ती मोटार, पाणी नाही."

मोटार, बाई. आपण दोघांनी साखळी आणली, कालवा आणला, मी टाकी आणली, आणि गच्चीवर पाणी चढवणारी मोटार रोज सकाळी आपल्या कानाशी घरघरत असताना आपल्याला सुचली नाही. मला इतका आनंद झाला आणि इतका राग आला. मी म्हटलं, "पण मग मॅडम, दुसरा नळ उघडल्यावर मोटार जास्त का चढवते? तिला कसं कळतं?" त्या म्हणाल्या, थांबा, थांबा, आणि फळ्यापाशी आल्या. जेवायची वेळ टळून गेली. कोणी उठेना.

त्यांचं उत्तर अर्धं मला पटलं, अर्धं नाही. तसं सांगितलं. त्या चिडल्या. गुरुवारी शाळा सुटल्यावर धायरीला शेडमध्ये येते म्हणाल्या, समोर पट्टी ठेवून बोलू. मी या म्हटलं. शोभाताईंना सांगितलं तर त्यांनी सगळी शेड झाडून काढली, नवीन कप आणले. तुमची खुर्ची आम्ही पुसून भिंतीला लावून ठेवलीय. त्या मॅडमना त्यावर बसू द्यायचं की नाही, यावरून आमचं दोघांचं सकाळपासून भांडण चाललंय.